पाण्यात सोडलेली हळद

रोज सकाळी उठला की गोकुळ आधी मागच्या भिंतीकडे जायचा. तिथे दार नव्हते. कुडावर हात टेकून क्षणभर थांबायचा आणि मग वळून खऱ्या दाराने बाहेर पडायचा. जुन्या घराचे दार त्या बाजूला होते. त्याला मिशा आल्या, कॉलेज झाले, नोकरी लागली, तरी पाय रोज आधी जुन्या घरातच जागे व्हायचे.

"दादा, भिंत हाय तिथं," चुलीपाशी बसलेली वेणू, त्याची धाकटी बहीण, हसायची.

"ठाऊक हाय. तिला विचारून येतो," तो म्हणायचा.

गाव धरणात गेले तेव्हा तो आश्रमशाळेत होता. दिवाळीच्या सुट्टीत घरी येऊन गेला आणि उन्हाळ्यात शाळेतून आला तो थेट सूर्यमाळच्या उतारावर, सरकारने आखून दिलेल्या वसाहतीत. उठलेले गाव त्याने पाहिलेच नाही. नव्या घरांची तोंडे सगळी रस्त्याकडे. आसपासचे लोक त्या वस्तीला धरणवाल्यांचा पाडा म्हणत. टँकर आला की आधी त्यांचे हंडे भरत, मग धरणवाल्यांचे.

जव्हारच्या कॉलेजात पहिल्या दिवशी सरांनी त्याला गाव विचारले.

"पाण्यात," तो म्हणाला.

"मग तू मासा का रे?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारले आणि वर्ग हसला. पुढे कॉलेज संपेपर्यंत त्याचे नाव मासाच राहिले. घरी त्याने हे हसत हसत सांगितले. त्याची आई कोंडी तेवढी हसली नाही.

जव्हारच्या बाजारात कांतीलालशेठच्या टायपिंगच्या वर्गात तेव्हा नुकते संगणक आले होते. गोकुळ सकाळी तिथे झाडलोट करी आणि त्या बदल्यात शिके. "चपला बाहेर," शेठ रोज बजावत. "माणसाला धूळ लागली तर तो झटकतो. या यंत्राची धूळ कोण झटकणार, तुझा मामा?" गोकुळला चपला बाहेर काढायची इतकी सवय लागली की पुढे कुठलेही महत्त्वाचे काम तो अनवाणीच करू लागला. वसतिगृहातून त्याने आणखी एक सवय आणली, कमी साखरेच्या चहाची. "साहेब झालास," कोंडी म्हणे. "आता साखर बी टोचती तुला."

शिक्षण झाल्यावर तो पाण्याची कामे करणाऱ्या एका संस्थेत लागला. डोंगरातल्या विहिरी, झरे नकाशावर टिपायचे काम. त्यासाठी मुठीत मावेल असे एक यंत्र मिळाले होते. आपण उभे आहोत ती जागा ते उपग्रहांना विचारून सांगे. सुट्टीच्या दिवशी खोडाळ्यात एका दुकानामागच्या खोलीत, बॅटरीवर संगणक चालवून, तो पाड्यावरच्या मुलांना शिकवी. मोखाड्याच्या कचेरीत पाड्याच्या वतीने तोच बोले. हातपंप आला तो त्याच्या हेलपाट्यांनी. म्हातारी माणसेही सोयरीक जुळवताना "गोकुळला विचारा" म्हणू लागली.

पण लग्न म्हटले की पाड्याला एक गोष्ट सले. घरातले माणूस गेले की त्याच्या नावाचा दगड गावाबाहेर उभा करायचा, त्याला वीर म्हणायचे, आणि घरात लग्न निघाले की पहिली हळद त्या वीराला लावायची. गाव उठताना धान्य, गुरे, कौले आधी नेली. दगड पुढच्या खेपेला नेऊ म्हणाले आणि पुढच्या खेपेआधी पाणी आले. गोकुळच्या बाचा वीरही तिथेच राहिला. तेव्हापासून लग्नाआधी बाया हळदीची वाटी घेऊन धरणाच्या काठी जात आणि हळद पाण्यात सोडत.

वेणूचे लग्न वैशाखात ठरले. गोकुळच्या लग्नाचा विषय त्याने स्वतःच मागे टाकला होता, आधी वेणूचे म्हणून.

"पाण्यात सोडलेली हळद माणसाला लागती का रं?" कोंडीने एकदा भाकरी थापता थापता विचारले. "माशे खात्यात ती."

त्या वर्षी धरण कधी नव्हे इतके आटले. गोकुळने जुन्या गावाचा नकाशा मिळवला, संगणकावर चढवला, यंत्राशी जुळवला. खोडाळ्याच्या खोलीत त्याने वेणूला पडद्यावर दाखवले. "हे आपलं दार. ही वाट. हितं बा." वेणूला नुसत्या रेघा दिसल्या. पण दादा इतक्या हळू आवाजात बोलताना तिने कधी ऐकला नव्हता.

एकट्या बाचा नको, सगळ्यांचेच वीर आणायचे, असे पाड्याने ठरवले. सकाळी दोर, पहारी घेऊन माणसे निघाली. धरणाच्या पोटात वाळलेला गाळ भाकरीसारखा तडकला होता. घरे, बांध, झाडे, काही म्हणता काही उरले नव्हते. ज्यांनी तिथे जन्म काढला त्यांनाही आपले गाव ओळखू येईना. म्हणून सगळे गोकुळच्या मागे चालले. तो यंत्राकडे पाहत पुढे.

वीर अगदी जवळ आले असताना पायाखालची खपली फुटली आणि गोकुळ दिसेनासा झाला.

तिथे विहीर होती. धरण होत नाही अशी आवई उठली होती, त्या शेवटच्या हिवाळ्यात गावाने वीरांच्या वाटेवर खणलेली. गोकुळ तेव्हा शाळेत. नकाशा तर त्याच्याही आधीचा. पाड्यातल्या प्रत्येकाने त्या विहिरीची माती उपसली होती, आणि आपल्या गोकुळला ती ठाऊक नसेल असे कुणाच्या मनातही आले नव्हते. दोर होते, माणसे होती. पण विहीर गाळाने भरलेली होती. त्याला वर काढले तेव्हा त्याच्यात जीव उरला नव्हता. पाड्यातल्या सुकऱ्याकाकाने आपल्या पागोट्याने त्याचे तोंड पुसले.

वीर तिथून हाकेच्या अंतरावर सापडले, त्याने सांगितले होते तिथेच.

वेणूचे लग्न पुढच्या वर्षी झाले. पाड्याबाहेर आता दगडांची रांग उभी होती. कोंडीने बाच्या वीराला बोटभर हळद लावली. शेजारच्या नव्या दगडाला मात्र नवऱ्यामुलाला लावतात तशी, माथ्यापासून खालपर्यंत चोळून लावली.

वीर आणायला गेले त्या दिवशीचे वेणूला फारसे आठवत नाही. काठावरची चूल तेवढी आठवते. माणसांना चहा करायला म्हणून ती पाठोपाठ गेली होती, तीन दगड मांडून फुंकर घालत होती. गोकुळने तिच्यापाशी येऊन चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या आणि गाळात उतरता उतरता म्हणाला, "वेणू, चहा ठेव. माझ्यात साखर कमी घाल गं."