प्रज्ञाच्या नावाचा शिपाई

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. आत्ता सांगतानाही छाती धडधडतेय, पण लाजेने नाही हो, त्या सकाळच्या आठवणीने! पंचाईत तीच आहे.

आंबिवलीच्या आमच्या विहाराचं मुलींचं पथक होतं. जयंतीला पुतळ्यासमोर मानवंदना द्यायचो — पांढरे कपडे, निळी टोपी. पथक बसवायचे मोरेकाका. ग्रुपवर "बघते, नक्की नाही" वाचून ते वैतागले आणि त्यांनी नियमच काढला. आदल्या दुपारपर्यंत प्रत्येकीने 💂 टाकायचा. तांबडा कोट, डोक्यावर काळी केसाळ उंच टोपी. शिपाई नाही, तर रांगेत जागा नाही. कुणीतरी म्हणालं, "काका, हा तर इंग्रजांचा!" काका म्हणाले, "असू दे गं. पण हलतो का बघ!"

आज्ञा देणार होती प्रज्ञा, माझी जिवलग मैत्रीण. तिचा आवाज पार रेल्वे फाटकापर्यंत जायचा. ती नसली, तर मी. हे 'नसली तर' किती दिवस घोळवलं असेल मी मनात?

त्या दुपारी तिने वडिलांच्या फोनवरून फोन केला. "अगं, माझा मोबाइल रिपेरिंगला गेलाय. माझ्या नावाचा पण शिपाई टाक ना."

"टाकते," म्हटलं. आणि टाकला — फक्त माझा. विसरले? छे. तिचं नाव टाइप केलं होतं. पुसलं.

सकाळी ती कडक इस्त्री करून आली. काका नियमाचे पक्के, त्यांनी यादी दाखवली. तिने माझ्याकडे पाहिलं. आणि मी काय म्हणावं? "दोन टाकलेले गं, एकच गेला वाटतं."

"जाऊ दे," ती म्हणाली. लगेच.

मग मी ओरडले — "पथक, सावधान!" — आणि सगळ्यांच्या टाचा एकदम वाजल्या! ढोल थांबले, वर निळे झेंडे फडफडत होते, अंगावर सरसरून काटा आला. अहो, काय सकाळ होती ती! एवढा आनंद मला लग्नातही झाला नाही.

प्रज्ञा सरबताच्या पिंपाशेजारी उभी होती. माझ्या आज्ञेवर तीही सावधान झाली होती, एकटीच.

आता ती खडवलीला असते. दर जयंतीला सकाळी पहिला शिपाई तिचाच येतो. खाली लिहिते, "काय आवाज लागलेला गं तुझा त्या दिवशी!"

मी 'थँक्यू' लिहिते.