पुलापुढं कुणी जात नाही

माझा धंदा माणसं झोपवण्याचा. कोल्हापुरात मला भुलीचा डॉक्टर म्हणायचे. निम्मा जिल्हा माझ्या हातून झोपून उठलाय आणि उरलेला निम्मा माझ्या गोष्टी ऐकून झोपलाय, असं मी सांगत असे. त्यातला दुसरा भाग खरा आहे.

नव्वदच्या दशकात आमच्या इस्पितळात भूलशास्त्र शिकायला नवे डॉक्टर यायचे. पहिल्या वर्षाची पोरं माझ्या टेबलाशी उभी करत. शीर शोधणं, घशात नळी घालणं हे त्यांना कुणीही शिकवलं असतं. मी त्यांना वाट विचारायला शिकवायचो. टेबलावर आडवा झालेला माणूस वरच्या दिव्याकडं बघत भेदरलेला असतो. त्याला विचारायचं, "घरातनं हितवर कसं आलासा?" मग तो उंबऱ्यापासून सुरू करतो. बांधावरची बाभळ, देवळाचा कट्टा, वडापच्या जीपमध्ये मांडीवर बसलेलं कुणाचं तरी पोर. इकडं शिरेतून औषध हळूहळू जात असतं. शब्द काकवीसारखे ओघळायला लागतात, दोन गावांमधलं अंतर वाढत जातं आणि एका वळणावर माणूस वाटेतच राहतो. खोलीत शांतता पसरते. ती शांतता मला फार आवडायची. आपणही त्या वळणावर, त्या माणसाशेजारी, उसाच्या सावलीत टेकलोय असं वाटायचं.

इथवर सगळं बरं होतं. पण नुसतं बरं असून माझं कधी भागलेलं नाही.

चहाच्या वेळी मी पोरांना सांगायचो, "पंचगंगेचा पूल लक्षात ठेवा. पुलापुढं कुणी जात नाही. पूल आला की माणूस झोपला." पोरं हसायची. हसली की मला चेव यायचा. "मुरगूडची एक म्हातारी होती. तिच्या वाटेत पंचगंगाच न्हाय. भूल लागंल कशी? शेवटी बोलता बोलता तिला पलीकडं वडणग्याला बहिणीकडं जेवायला पाठवलं, आणि परत येताना पुलावर गाठली."

त्या वर्षी एक मुलगी आली होती. कर्नाटकाच्या सीमेजवळच्या गावची, घरी कन्नड बोलणारी, बापाचं किराणा दुकान. हात असा की शीर आपण होऊन पुढं यावी. पण तोंड मिटलेलं. मराठी ती एकेक शब्द निवडून बोलायची, तांदळातले खडे काढावेत तशी. मी बोलत असलो की ती वहीत लिहीत असायची. औषधांची मापं लिहीत असेल, असा माझा समज.

मग एक दिवस मलकापूरच्या गाडीवरचा ड्रायव्हर आला. पित्ताशयाचं ऑपरेशन. माणूस एवढा मोठा, की टेबल मला एका बाजूला कललेलं दिसत होतं. मुलीनं सुई लावली आणि हळू आवाजात वाट विचारली. मी शेजारीच होतो.

"वाट व्हय?" ड्रायव्हर म्हणाला. "वाट आमाला इचारू नका, आमी डोळं झाकून येतोय." आणि त्यानं गाडी सोडली ती सुसाट. औषध शिरेत जेमतेम शिरलं होतं, तोवर बांबवडं मागं पडलं. वाघबीळला त्यानं एका ट्रकवाल्याला शिवी दिली. केर्लीत थांबलाच नाही. "हा आला पूल," असं म्हणून त्यानं डोळे मिटले आणि गप्प झाला.

मुलीनं औषध थांबवलं आणि दुसरी सिरिंज उचलली.

ती दुसरी सिरिंज स्नायू सैल पाडणारी. झोपलेल्या माणसाला दिली की नळी सोपी जाते. जाग्या माणसाला दिली, तर त्याला सगळं कळत राहतं आणि बोट काही हलवता येत नाही, ओरडता येत नाही, श्वाससुद्धा घेता येत नाही. मी तिचं मनगट धरलं. त्याच क्षणी टेबलावरून आवाज आला, "डाक्टर, ती बत्ती जरा फिरवा की. पुलावर समोरनं कोन तर फुल्ल लाईट मारतंय. डोळंच उघडंनात."

सर्जन हसले, सिस्टर हसल्या. मी हसलो नाही. मी तिच्या हाताखाली हात धरून उरलेलं झोपेचं औषध दिलं, पापणीच्या केसांना बोट लावून ती फडफडत नाही हे पाहिलं, आणि ड्रायव्हर सुखरूप झोपी गेला. संध्याकाळी उठल्यावर त्यानं पहिल्यांदा विचारलं, गाडी डेपोत कुणी लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या खोलीत आली. विभागप्रमुखांना शिक्षण सोडण्याचं पत्र दिलं होतं, महिनाअखेर जायचं ठरलं होतं. तिनं वही माझ्यापुढं ठेवली. सुंदर अक्षर. प्रत्येक नियमाखाली पट्टीनं ओढलेली रेघ. आणि त्यात, औषधांच्या मापांच्या मधोमध: 'पुलापुढे कोणी जात नाही. पूल = झोप.' खाली: 'मुरगूडच्या पेशंटला वडणग्यावरून आणावे.'

"सर, यातलं खरं कुठलं?"

मी लाल पेन घेतलं आणि माझ्या थापा खोडायला लागलो. वही लाल होत चालली. काही ठिकाणी पेन थबकायचं, कारण मलाच आठवेना. शेवटी 'पापणीला बोट लावणे' एवढी ओळ मी गोल करून ठेवली.

"अगं, बाकीच्यांना कळत होतं की मी..."

"त्यांची भाषा आहे सर. मला चेष्टा कुठं संपते, शिकवणं कुठं सुरू होतं, ते ऐकू येत नाही." ती वही मिटत म्हणाली, "आणि आमच्या दुकानात माप मारत नाहीत. अप्पा म्हणतात, गिऱ्हाईक डोळे मिटून उभं असतं, म्हणून तागडी आपण बघायची."

मी थापाड्या, ही गावाची करमणूक होती. माझ्या थापेपायी एक जागा माणूस मुका पडला असता. आणि आता इतका चांगला हात किराणा पुड्या बांधायला परत निघाला होता.

माझ्या पोटात दोन वर्षं हर्निया होता. रोज लोकांना 'काही होत नाही' म्हणून झोपवणारा मी स्वतः टेबलाला घाबरत होतो. त्या आठवड्यात मी तारीख घेतली आणि तिला गाठलं.

"जाण्याआधी एक भूल दे."

"कुणाला?"

"मला."

तिनं माझा चेहरा निरखला. चेष्टा कुठं संपते ते शोधत असावी. "का सर?"

"माझी पापणी आता तुझ्याइतकी नीट कोण बघणार हाय?"

"मी वाट विचारणार," ती म्हणाली. "खरी सांगायची. एक वळण जरी जास्त टाकलंत तर सुई खाली ठेवीन आणि जाईन."

माझं घर इस्पितळापासून चालत दहा मिनिटं. एवढ्याशा वाटेत खोटं मिसळायलासुद्धा जागा नाही. टेबलावर पडलो. डोक्याशी ती होती, तिच्या मागं माझा एक जुना सहकारी हाताची घडी घालून उभा. रात्रीपासून उपाशी होतो. दिवा वर गरगरत होता.

"घरातून इथवर कसे आलात सर?"

हत्तीवरून, असं ओठांवर आलं होतं. गिळलं. म्हणालो, फाटकाची कडी काढली. ती गार होती. कडी गार असते हे मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगत होतो. मग शेजारणीच्या अंगणात सडा, त्याचा ओला वास. मग गल्ली, धुक्यात भिजलेली एक सायकल, सीटवर मांजर. काही वाढवावं लागत नव्हतं. गल्ली स्वतःच लांब होत चालली. कोपऱ्यावर दूधकट्टा आला. म्हशी ओळीनं उभ्या, त्यांच्या पाठींवरून वाफ निघतेय, पितळी पेल्यात धार पडतेय, आणि धारेचा आवाज पावसासारखा की झोपेसारखा. कुणीतरी फेसाळलेला पेला माझ्या हातात दिला. पेला गरम होता. तेवढ्यात फार लांबून, दुसऱ्या गावातून आल्यासारखं, कुणाचं तरी बोट माझ्या पापणीला लागलं. थांबलं. पुन्हा एकदा लागलं.

मग मी नव्हतो.

जाग आली तेव्हा खिडकीत दुपार पिवळी झाली होती आणि ती नाडी धरून बसली होती. घसा कोरडा.

"कुठवर आलतो?" मी विचारलं.

"दूधकट्टा. पेला तोंडाला लावत होतात."

"मग?"

"मी काढून घेतला," ती अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाली. "उपाशी राहायचं होतं ना सर."

टाके दुखेपर्यंत हसलो. ती हसली नाही. नाडी मोजून झाल्यावर तिनं ती कागदावर लिहिली आणि विभागप्रमुखांच्या खोलीकडं निघाली. पत्र परत मागायला.

मी अजूनही सगळ्यांना सांगतो, की त्या दिवशी मी भुलीत थेट रत्नागिरीपर्यंत बोलत गेलो आणि समुद्रात पाय बुडवून परतलो. ती तिथं असली तर मागून शांतपणे म्हणते, "दूधकट्टा."