राखेचं पात्र

कोराडीच्या वीज प्लांटच्या कॉलनीत वाढलेल्या मेघाला एक गेम बनवायचा होता. मारामारीचा नाही. पडद्यावरच्या मुलीला इकडेतिकडे न्यायचं, वस्तूंवर क्लिक करायचं, माणसांशी बोलायचं आणि गोष्ट उलगडत जायची, असा. गोष्ट कॉलनीतलीच होती. अंगणात दोरीवर धुणं, आई आणि शेजारच्या सिंधूताई बोलत उभ्या, मुलगी ऐकतेय आणि वरून प्लांटची राख बारीक बारीक उतरतेय. नागपुरात सदरला विमा एजंटाकडे टायपिंग करून बसने घरी आली की मेघा लॅपटॉप उघडायची.

गेम बनवायचं इंजिन, म्हणजे ते सॉफ्टवेअर, फुकटचं होतं, परदेशातल्या कुणा हौशी माणसाने एकट्याने तयार केलेलं. पण त्यात एका वेळी एकच गोष्ट घडायची. आईने तोंड उघडलं की राख हवेत थांबायची आणि आई गप्प झाली की परत पडायला लागायची. मेघाला ते बघवेना. तिच्या उभ्या आयुष्यात राख कुणाचं बोलणं संपायची वाट बघत थांबली नव्हती.

तिने इंजिनच्या वेबसाइटवर इंजिनवाल्याला विचारलं. त्याचं उत्तर आलं, की हे मुद्दामच तसं ठेवलंय, धुळीसाठी कुणी गेम खेळत नाही. खाली चौघांनी हसरे चेहरे टाकले होते. मेघाच्या तोंडाची चव गेली.

मग तिच्या लक्षात आलं, की एक जण बोलत असताना बाकीची पात्रं मात्र हलत राहतात, पापण्या लववतात. तिने राखेलाच पात्र केलं. हात नाहीत, पाय नाहीत, नुसते पडणारे करडे ठिपके. पण एक पात्र अर्ध्या पडद्याहून रुंद होईना, म्हणून दोन राखा कराव्या लागल्या. त्यात एका दृश्यात चारच पात्रं मावायची. दोन राखा, मुलगी आणि आई. सिंधूताईंना तिने भिंतीपलीकडे ढकललं आणि त्यांचा फक्त आवाज ठेवला. करताना तिला स्वतःचीच शिसारी आली.

रविवारी वडील, आनंदराव, खेळून बघायला बसले. ते प्लांटमधूनच रिटायर झालेले. माऊसचा बाण राखेवर गेला, तसं तिथे 'राख' असं नाव उमटलं.

"काय वं मेघा, हे राख बोलते काय?"

"नाही बाबा. तिच्यावर क्लिक नका करू."

"मंग नाव काहून देलं तिले?"

"नावाशिवाय पात्र घेतच नाही ते इंजिन."

आनंदरावांनी तरी क्लिक केलं. मुलगी राखेकडे तोंड करून म्हणाली, 'आत्ता कामात दिसतात, नंतर बोलू.' मेघाने सगळ्याच पात्रांसाठी ते एक वाक्य लिहून ठेवलं होतं.

"बरोबर आहे," आनंदराव हसले. "तिनं सुट्टी घेतल्याचं मले तं आठवत नाही. अन् सिंधूताई कुठं गेली?"

मेघाने सांगितलं. त्यांचं हसू मावळलं.

"राखेसाठी बाईले काढलं?" एवढंच म्हणून ते उठले.

मेघाने आधी सिंधूताईंना मागच्या भिंतीवर चित्रासारखं रंगवलं. ओठ मिटलेले आणि आवाज चालू. ते हार घातलेल्या फोटोसारखं दिसलं. तिने ते लगेच पुसलं. शेवटी अंगणाच्या उजव्या अर्ध्या भागावर टिनाचं शेड काढलं, दोघी बायका आणि मुलगी त्याखाली उभी केली आणि उजवीकडची राख काढून टाकली. उरलेली एक राख डावीकडे धुण्यावर पडत राहिली, बोलणं चालू असतानाही.

गेम तिने सगळ्यांसाठी खुला केला. पंधरवड्याने इंजिनवाल्याने त्यातलं हेच अंगण आपल्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर लावलं आणि वर लिहिलं, 'बघा, आमच्या इंजिनात धूळसुद्धा किती सहज पडते.'

"काय लिवलं त्यानं?" आनंदरावांनी विचारलं.

"कौतुक केलंय."

"मंग तोंड असं काहून करून राहिली?"

 मेघाने ते पान बंद केलं आणि दुसरं एखादं इंजिन मिळतं का, ते शोधायला घेतलं.