टेबल नंबर चारवरची चित्राहुती

आधीच सांगते, मी भुतंखेतं मानत नाही. ठाण्यात नौपाड्यातल्या एका शाळेत पंचवीस वर्षं विज्ञान शिकवतेय. असले 'अनुभव' सांगणाऱ्यांना मी भर कार्यक्रमात उलटतपासणी घेऊन गप्प बसवलेलं आहे. आता मीच लिहायला बसलेय... आणि त्याचाच जास्त संताप येतोय.

आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर एक छोटं इटालियन रेस्टॉरंट आहे. पहिला मजला, सहा टेबलं. मालक जितेश, माजिवड्याचा. घरची शेती टॉवरखाली गेली, हा जहाजावर स्वयंपाक शिकून आला आणि नौपाड्यात, वरणभातवाल्यांच्या वस्तीत, पास्ता विकायला बसला. चालणार नाही, असं मीच म्हटलेलं. आणि माझे बाबा, ऐंशीचे रिटायर्ड मुख्याध्यापक, त्याचं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक झाले! दर बुधवारी संध्याकाळी आम्ही दोघं जायचो. खिडकीजवळचं टेबल चार. बाबांना पेने पास्ता, व्हाईट सॉसमधला, बिनलसणाचा, वर भरपूर मिरपूड.

त्रास एकच. घरी जेवताना करत तेच बाबा तिथेही करायचे. प्लेटभोवती पाणी फिरवायचं आणि उजव्या हाताला पाच इवलेसे घास काढून ठेवायचे. चित्राहुती. भात नाही, तर पेनेच्या एका नळीचे सुरीने पाच सारखे तुकडे. "अन्न ते अन्न," म्हणायचे. जितेशने तर वाढणाऱ्या पोरांना ताकीदच दिलेली, "काका उठेपर्यंत चार नंबरला फडका मारायचा नाय."

शेवटच्या बुधवारी शेजारच्या टेबलावर कॉलेजची मुलं होती. खिदळत होती. एकीने मोबाईल काढून बाबांचा व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. झापायला हवं होतं तिला. मी काय केलं? टिश्यू घेतला आणि ते पाच तुकडे पुसून टाकले. "बाबा, हॉटेल आहे हे. शोभतं का?"

बाबांनी प्लेट बाजूला सरकवली. जेवले नाहीत. त्या रविवारी पहाटे झोपेतच गेले.

दहाव्याला घाटावर कावळा शिवेना. भात, वडे, पेढे, सगळं ठेवून झालं. डोंबिवलीला राहणारा माझा धाकटा भाऊ पिंडासमोर हात जोडून म्हणाला, "बाबा, ताईची काळजी करू नका. मी आहे." वा रे वा. मी पन्नाशीला आलेली, बाबांचं सगळं दुखणंखुपणं एकटीने बघितलेली, आणि काळजी माझी! कावळे झाडावर बसून बघत राहिले. मावशी कानाशी लागली, "तू बोल गं काहीतरी. तुझ्यावरच अडलंय." मी ठणकावून सांगितलं, कावळ्याला मराठी कळत नाही. दोन तास उन्हात उभं राहिल्यावर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिवून घेतला.

दीडेक महिन्याने, बुधवारीच, घरात बसवेना म्हणून मी एकटी रेस्टॉरंटमध्ये गेले. जितेशला म्हटलं, बाबांचा पेने दे. तो ओशाळला.

"ताई, व्हाईट सॉस नाय आज. क्रीम, चीज, सगळा माल टेम्पोत आहे, नि टेम्पो सकाळपासून शीळफाट्याला अडकलाय. रेड देऊ?"

दे म्हटलं.

साडेपाच वाजलेले, लख्ख उजेड, दुसरं गिऱ्हाईक नाही, वाढणारी पोरंही अजून आलेली नाहीत. जितेशने प्लेट ठेवली आणि आत गेला. तेवढ्यात भावाचा फोन आला. खिडकीबाहेर बघत मी मिनिटभर बोलले असेन. वळले, तर प्लेटभोवती पाण्याचं कडं. आणि उजव्या हाताला पेनेचे पाच सारखे तुकडे.

पांढरे. वर मिरपूड. माझ्या प्लेटमधला पास्ता लालभडक, वाफाळता, हातही न लावलेला. सुरी-काटा नॅपकिनमध्ये गुंडाळलेला तसाच.

माझं डोकंच फिरलं. जितेशला बोलावलं आणि नको नको ते बोलले. गेलेल्या माणसावरून चेष्टा करतोस, लाज नाही वाटत...

"ताई, पहिले सहा महिने इथं कुत्रं फिरकत नव्हतं, तेव्हा काका यायचे. त्यांच्या टेबलावर मी मजाक करीन?"

मग मला सरळ किचनमध्ये घेऊन गेला. फ्रिज उघडून दाखवला. क्रीम नाही, चीज नाही, दूध चहापुरतं. गॅसवर एकच पातेलं, लाल सॉसचं. मी कचऱ्याचा डबासुद्धा बघितला. उगीच नाही पंचवीस वर्षं प्रयोगवह्या तपासल्या.

परत आले. तुकडे तिथेच.

खरं सांगू? भीती नाही वाटली. राग आला. बाबांचा. त्या बुधवारनंतर तीन दिवस आपण एका घरात होतो, बाबा. माझ्या हातचा चहा घेतलात, पेपर मागितलात. तेव्हा एक शब्द बोलला असतात तर? मीही बोलले नाही, मान्य. पण मोठं कोण होतं?

ते तुकडे मी पुसले नाहीत. एकेक उचलून खिडकीच्या कठड्यावर ठेवले. समोरच्या वायरवर कावळा होता. बघत होता, हलत नव्हता. जितेश माझ्या मागे उभा.

"बाबा," मी म्हटलं, "चुकलं माझं."

कावळा आला आणि पाचही तुकडे खाऊन गेला.

कावळ्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आहे. खिडकीत खाणं ठेवलं की तो येणारच, आज नाही तर उद्या. पांढऱ्या सॉसचं स्पष्टीकरण नाही. खूप डोकं चालवलं, अजून चालवतेय. कुणाला सुचलं तर जरूर कळवा, पण 'वडिलांची इच्छा राहिली असेल' असलं काही लिहू नका. ते मावशीकडून ऐकून झालंय.

त्या दिवशी गार झालेला पास्ता मी शेवटपर्यंत खाल्ला. पाण्याचं कडं वाळेपर्यंत बसून राहिले. मी उठेपर्यंत जितेशने चार नंबरला फडका मारला नाही.