हिरव्या शिपायाने दिलेलं उत्तर

अमडापूरच्या बाजारात माझा कॉम्प्युटर क्लास होता, दोन मशिनींचा. सकाळ-संध्याकाळ तिथे मुलं टायपिंग शिकत, आणि दुपारी तीनला समोरचा बियाणेवाला येऊन युद्ध करत असे. हे वाक्य मी गेली वीस वर्षं ऐकवतो आहे. ऐकणारा दर वेळी खुर्ची पुढे ओढतो. तुम्हीही ओढा.

युद्ध प्लास्टिकच्या शिपायांचं होतं. जत्रेत पिशवीभर मिळतात ना, पायाखाली चपटा तळ, बंदूक रोखून जन्मभर उभे? ते त्या गेममध्ये चालायचे, धावायचे, आणि आग लागली की वितळायचे. हिरवे आपले, मातकट शत्रूचे. रणांगण म्हणजे कुणाचं तरी स्वयंपाकघर. पडलेल्या खेळण्यांचं प्लास्टिक गोळा करायचं, बॅटऱ्यांतून वीज काढायची, छावणी उभारायची आणि समोरच्याची फोडायची. आणि यात आळीपाळी नाही. तुम्ही चहा घ्यायला उठलात की शत्रू आत.

दोन्ही मशिनी वायरीने जोडून आम्ही एकमेकांशी लढायचो.

"मास्तर, काऊन घुसून राह्यला बे माह्या वावरात?"

"वावर नाही, स्वयंपाकघर आहे ते."

"मंग चप्पल काढून ये."

त्याची खेळायची रीत जगावेगळी होती. बोंडअळीला मारणारी बीटी कपाशी तेव्हा नवी होती. पाकिटासोबत साध्या बियाण्याची एक छोटी पुडी यायची. ती वावराच्या कडेने पेरायची, अळीलाही खायला काही ठेवायचं, म्हणजे ती बीटीला सरावत नाही. बहुतेक लोक ती पुडी त्याच्याच पायरीवर टाकून जात आणि हा चिडत असे. गेममध्येही तो पुडी पेरायचा. छावणीभोवती एकेक शिपाई उभा करायचा, शत्रूने खायला. स्वतः हल्ला कधीच नाही. मी घुसलो की एखाद्या कडेच्या शिपायाला आत बोलवायचा आणि म्हणायचा, "एक तरी घरी आला पायजे."

एका जूनमध्ये, पेरणीच्या गर्दीत, तो दुकानातल्या खुर्चीतच गेला. छातीत कळ आली आणि संपलं.

आता माझा गुन्हा ऐका. माझ्या दुःखाला रंगमंच लागतो. एका मशिनीला दोन माउस जोडले तरी पडद्यावर बाण एकच हलतो, हे मला ठाऊक होतं. पंधरा दिवसांनी, दुपारी तीनला मुलांना बोलावून, मी त्याच्या मशिनीवर गेम लावला, त्याची खुर्ची रिकामी ठेवली आणि शेजारी हजेरीपट घेऊन बसलो. दुसरा माउस हजेरीपटाखाली. हिरवे शिपाई आपोआप कडेला जाऊन उभे राहू लागले. मुलांची तोंडं उघडी पडली.

"हात लावू नका," मी म्हणालो, "त्याचा डाव चालू आहे."

एका दिवसाची गंमत होती. पण बातमी जानेफळपर्यंत गेली. तिथून दोघे एसटीने बघायला आले. आणि खरं सांगायचं तर मलाच थांबवत नव्हतं. त्या अर्ध्या तासात तो असायचा. हळूहळू मला त्याच्यासारखं खेळावं लागेना, तसंच खेळलं जाऊ लागलं. एकदा क्लास रिकामा असताना मी माझ्या पद्धतीने हल्ला करायला गेलो, तर जमलं नाही. शिपाई कडेला नेऊन उभे केले गेले. मी मशीन बंद केली आणि बाहेर जाऊन उगाच उन्हात उभा राहिलो.

नवऱ्यामागे घरात काढायची चार महिन्यांची इद्दत संपल्यावर भाभी आल्या. त्याची बायको. बुरख्याचा पडदा वर केला आणि रिकाम्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसल्या.

"मास्तर, लोक म्हनतात ते खरं हाय का?"

मी तेव्हाच हजेरीपट उचलून दाखवायला हवा होता. मी गेम लावला.

त्या बघत राहिल्या. शिपाई कडेला जाऊन उभे राहिले तेव्हा त्यांनी मान हलवली, ओळखीचं माणूस दिसावं तशी.

"मले एक इचाराचं हाय त्याईले," त्या म्हणाल्या. "दुकान देवर मांगून राह्यला. त्याले देऊ का मी बसू? मले बस म्हनत असतीन तं तो कोपऱ्यातला शिपाई घरात आना म्हना. देवराले दे म्हनत असतीन तं तिथंच राहू द्या."

त्या साली कपाशीवर लाल्या पडला होता. पानं लाल होऊन झाडं उभी वाळली होती आणि शेतकरी बियाणेवाल्यांच्या गचांड्या धरत होते. भाभींनी दुकानातल्या त्या खुर्चीत बसू नये, असं माझं ठाम मत होतं. आणि मला करायचं तरी काय होतं? काहीच नाही. शिपाई उभाच होता. हात स्थिर ठेवायचा, एवढंच.

शिपाई वळला. टेबलाच्या पायाला वळसा घालून, भाताचं शीत ओलांडून, छावणीत येऊन उभा राहिला.

मी हजेरीपटाखालच्या माझ्या हाताकडे पाहिलं. बोट अजून बटणावर होतं.

भाभींनी पडदा खाली घेतला. "बरं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या दुकानात बसल्या. गचांडी कुणी धरली नाही, पण वाळलेली झाडं आणून पायरीवर आपटली, नको ते बोलले. त्या वर्षी आणि पुढेही बऱ्याचदा. मी समोरून बघायचो. खरं सांगायला तीनदा रस्ता ओलांडून गेलो. तिन्ही वेळा त्यांनी चहा सांगितला आणि गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "माह्या मनानं नाही बसली मी इथं. त्याईनं बसवलं. मास्तरले इचारा." मी मान डोलावली आणि चहा प्यालो.

मशिनी मी कधीच भंगारात दिल्या. क्लासच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे.

गेल्या आठवड्यात भाभींनी दुकानातून मला हाक मारली. गुडघे धरलेत त्यांचे, केस पांढरे झालेत.

"मास्तर, ते मशीन हाय का अजून?"

"काऊन, भाभी?"

"त्याईले इचाराचं होतं. आता पुरे का म्हून. उठू का मी?"

मी "हाय" म्हणालो. शुक्रवारी येते म्हणाल्या.

चिखलीहून एक जुनी मशीन उसनी आणली आहे. गेमही कुणाकडून तरी मिळवला. दुसरा माउस जोडला, हजेरीपट नाही म्हणून वर पेपर पसरला. चार दिवस सराव करतो आहे. त्यांना उठू द्यायचं, हे मी पक्कं ठरवलं आहे. हाताचं सांगता येत नाही.