चाळीस झाडांखालचं मीठ

पेणच्या त्या कॉलेजात दरवर्षी जुलैत वनमहोत्सव व्हायचा. पाहुणे नवे, हार नवे, रोपं नवी. खड्डे मात्र गेल्या सालचेच. इमारतीमागची दोन एकर जमीन खाडीला बांध घालून काढलेली, खारी. तिथं रोप दिवाळीपर्यंत तग धरायचं आणि मग मान टाकायचं. कुणाला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. रिकामा खड्डा म्हणजे पुढच्या पाहुण्याची सोयच की.

नाथा म्हात्रे इथं १९९१ साली माळी म्हणून लागला, तोही हंगामी. त्याआधीची बावीस वर्षं त्यानं मिठागरात काढली होती. खाडीचा बांध फुटला, मालकानं तो पुन्हा घातला नाही, आणि चाळिशी उलटल्यावर नाथाच्या हातात झारी आली. झाडांचं त्याला काही कळत नव्हतं. खारी जमीन मात्र कळत होती, निदान त्याला तसं वाटत होतं.

१९९४ साली वनस्पतिशास्त्र शिकवायला नमिताबाई आल्या. रोज रोह्याहून एस.टी.नं यायच्या. त्यांनी प्राचार्यांना सांगितलं, यंदा पाहुणा नको, भाषण नको. चाळीस झाडं द्या आणि एक माणूस द्या. प्राचार्य व्यवहारी गृहस्थ. त्यांनी नाथाला बोलावून घेतलं. दोन पावसाळे झाडं टिकली तर तुझं नाव कायम करायला पाठवतो, म्हणाले. नाही टिकली तर उजाड जमिनीला माळी कशाला हवा, ते तूच सांग. नाथाला दोन मुली. थोरलीला बघायला आलेले लोक बाप काय करतो विचारायचे, आणि 'कॉलेजात आहे' एवढं सांगून त्याला विषय बदलावा लागायचा. 'कायम' हा शब्द त्याला हवा होता. फार हवा होता.

तेव्हा त्यानं जीव ओतला. पाऊस सरताच प्रत्येक झाडाभोवती आळं केलं. साधं गोल आळं नव्हे. चौकोनी, काठ दोरी लावून आखलेला, आणि तळ ओल्या मातीवर पाय देऊन देऊन असा तुडवलेला, वरून फळीनं असा चोपलेला, की पाण्याच्या थेंबाची खाली उतरायची बिशाद नव्हती. मिठाचा वाफा असाच करतात. पाणी मुरू नये आणि मिठात चिखल येऊ नये म्हणून माणसं आठ-आठ दिवस त्याच जागी पाय देतात. ज्याचा तळ गुळगुळीत, तो खरा गडी. नाथाच्या तळाचं त्याच्या गावात नाव होतं. पायांना जे येत होतं, ते पायांनी केलं.

बाई खूश झाल्या. त्यांनी फोटो काढले. प्राचार्य आल्यागेल्याला खिडकीशी नेऊन ती आळी दाखवू लागले. नाथा रोज सकाळी बोअरचं पाणी घालायचा, आणि ते पाणी जरा मचूळ होतं. खाली मुरायला वाट नाही, वर ऊन. पुढचं मिठागराच्या माणसाला तरी सांगावं लागू नये.

जानेवारीत पानांच्या कडा करपल्या. मग एका सकाळी आळ्यांच्या काठाला पांढरी रेघ दिसली. नाथानं ती बोटानं खरवडून जिभेवर ठेवली. मीठ होतं. बावीस वर्षांच्या सवयीनं त्याच्या मनात आधी आलं की दाणा बारीक पडलाय, आणि मग त्याला उमगलं. त्यानं चाळीस झाडांखाली चाळीस वाफे पिकवले होते.

बोअरचं पाणी वाईट, असं बाई म्हणाल्या. प्राचार्यही तेच म्हणाले. बोअरला तोंड नव्हतं. नाथाला होतं, पण त्यानं ते उघडलं नाही.

घरी मात्र त्यानं बायकोला सांगितलं. सगुणा रोह्याकडची, निडी गावची. तिच्या माहेरी भात निघालं की त्याच ओलीवर वाल टाकायचा. मीठ दुकानातून आणायचं, एवढीच मिठाशी ओळख. लग्न होऊन आली तेव्हा जमीन तुडवणारे लोक बघून तिला हसू आवरलं नव्हतं. ती दुसऱ्या दिवशी डबा द्यायच्या निमित्तानं आली आणि आळ्यात पायाचा अंगठा रोवून बघितला. तो रुतला नाही.

"मूळ शिरंल कुटं हितं?" ती म्हणाली. "जमीन मोकली करा. फोडा ह्ये सगलं."

फोडा म्हणायला सोपं होतं. पुढच्या आठवड्यात विद्यापीठाची समिती यायची होती आणि तोवर आळ्यांना कुणी हात लावायचा नाही, असा प्राचार्यांचा हुकूम होता. हुकूम मोडला तर 'कायम' गेलं. पाळला तर झाडं जाणार, आणि त्यांच्यामागून 'कायम'ही. रविवारी दोघं नवराबायको टिकाव घेऊन गेली. पहिला घाव घालताना नाथाचा हात चालेना. आपल्या हातचा तळ त्यानं जन्मात कधी फोडला नव्हता. शेवटी टिकाव सगुणानं घेतला. तिनं हातभर खोल माती उकरली, पांढरा थर टोपलीत भरून नाल्याकडे टाकला, झाडांच्या बुडाशी पेंढा पसरला आणि पावसाचं पाणी मीठ घेऊन उतरावं म्हणून पाट काढले. नाथा टोपल्या वाहत होता.

सोमवारी प्राचार्यांना आधी वाटलं, डुकरं शिरली. मग त्यांनी नाथाला जे सांगितलं त्याचा सारांश इतकाच, की कायम व्हायचं स्वप्न विसर. समिती आली, ग्रंथालयात डोकावली, जेवली आणि पान खाऊन निघून गेली. मागच्या जमिनीकडे कुणी फिरकलंही नाही.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर चाळिसातली एकतीस झाडं उभी होती. पुढच्या पावसाळ्यात त्यातले करंज माणसाच्या डोक्यावर गेले. दोन्ही वर्षं सगुणा दिवसाआड डबा घेऊन यायची आणि डबा झाडाखाली ठेवून तासभर माती सैल करायची. हजेरी नाथाची लागायची. तिची कुठं लागणार?

नाव झालं तेही नाथाचंच. प्राचार्यांचा राग झाडं वाढली तसा उतरला. बाईंनी अहवाल लिहिला: मिठागर कामगाराच्या परंपरागत ज्ञानानं खारी जमीन हिरवी झाली. सोबत फोटो हवे होते, म्हणून चौकोनी आळ्यांचे जुनेच फोटो लावले. दुसरे होते कुठं? १९९६च्या स्वातंत्र्यदिनाला नाथाचा सत्कार ठरला आणि कायम केल्याचं पत्र टेबलावर येऊन पडलं. त्या दिवशी रोह्याच्या एका कॉलेजातून दिनानाथ सर मुद्दाम आले होते. त्यांची जमीनही खाडीकाठची, तिथं दोनशे झाडं लावून झाली होती, आता फक्त आळी करायची राहिली होती. त्यांनी फोटोवरून मापं वहीत उतरवून घेतली होती.

नाथानं ती वही बघितली. आतापर्यंत गप्प बसण्यात कुणाचं नुकसान नव्हतं. आता दोनशे झाडांचं होतं. आणि पत्र अजून मंचावरच्या टेबलावरच होतं, त्याच्या हातात आलेलं नव्हतं. त्यानं मनात नाना पर्याय काढले: पत्र घेऊन मग सांगू, सरांना बाजूला घेऊन सांगू, चिठ्ठी पाठवू. त्याला स्वतःची लाज वाटली. नाव पुकारल्यावर तो उठला आणि माईकशी गेला.

"सायेब, झाडं मी जगवली नाय," तो म्हणाला. "मी मारीत व्हतो. मिठागरातला तळ क्येला मी, खाली मीठ पिकवला. जमीन फोडली ती माझ्या बायकोनी. तो फोटू खोटा हाय, झाडाला तसलं आलं कुनी करू नका."

सभागृह कौतुकानं हसलं. टाळ्या पडल्या. प्राचार्य माईकवर म्हणाले, खऱ्या ज्ञानी माणसाचा विनय असा असतो, आणि त्यांनी पत्र नाथाच्या हातात ठेवलं. एकट्या नमिताबाईंनी टाळी वाजवली नाही, पण अहवाल छापून झाला होता. दिनानाथ सर चहाच्या वेळी नाथाजवळ आले आणि तळ नेमका किती दिवस तुडवायचा, ते विचारू लागले.

घरी सगुणानं पत्र देवापुढं ठेवलं. "खरा बोललाव तुमी," ती म्हणाली, "मंग लोक हसली का?" कायम झाल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण पुरता नव्हे.

पाऊस सरल्यावर एका रविवारी, सरांच्या बोलावण्यावरून, ती दोघं एस.टी.नं रोह्याला गेली. दिनानाथ सर, कॉलेजातली मुलं, शिपाई, सगळे पाय देण्याच्या तयारीनं पँटी दुमडून उभे. सर म्हणाले, या नाथाभाऊ, करा सुरुवात. नाथानं टिकाव सगुणाच्या हातात दिला.

"काम ही सांगंल," तो म्हणाला. "मी पानी आनतो."

आणि त्यानं शिपायाच्या बायकोकडून हंडा मागून घेतला, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि विहिरीकडे निघाला. पाणी वाहणं हे बायकांचं काम. डोक्यावर हंडा घेतलेला पुरुष त्या पोरांनी बघितला नव्हता. ती खिदळली. नाथा हंडे आणत राहिला. एक, दोन, सात. कितव्या तरी खेपेला हसणं थांबलं. सगुणा तोवर पहिल्या झाडाशी बसली होती. माती कशी सैल करायची, पेंढा बुडापासून किती लांब ठेवायचा, पाट कुठल्या उताराला काढायचा, ते हातानं दाखवत होती, कारण इतक्या लोकांपुढं बोलायची तिला सवय नव्हती.

दिनानाथ सरांनी वही उघडली, लिहिलेल्या मापांवर आडवी रेघ मारली आणि तिच्याजवळ उकिडवे बसले.

"ताई, नाव काय तुमचं?"

तिनं सवयीनं नवऱ्याकडं बघितलं. तो विहिरीवर होता, पाठमोरा.

"सगुणा," ती म्हणाली.