बिननात्याचे दोन दिवस

भीमाशंकरच्या डोंगरापासून ओतूरच्या बाजारापर्यंत असा एकही माणूस जन्माला आलेला नाही, ज्याचं आमच्या घोडेगावच्या घरमालकांशी नातं नव्हतं. काहींना ते अजून कळलेलं नव्हतं, इतकंच. नव्वदीच्या अखेरीस बँकेनं मला घोडेगावात धाडलं आणि आम्ही नवराबायको त्यांच्या माडीवर भाडेकरू म्हणून राहायला गेलो. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी माझं मूळ गाव विचारलं, मग आडनाव, मग आईचं माहेर, मग बायकोच्या मामाचं गाव, आणि मी आणखी काही सांगायच्या आत मांडीवर थाप मारून जाहीर केलं की, मी त्यांच्या मावसबहिणीच्या दिराचा लांबचा भाचा लागतो. मी जन्मानं पुण्याचा, सख्ख्या काकांकडेही फोन करून जाणारा माणूस. त्या दिवसापासून आमच्याकडे खालून कालवणाची वाटी यायला लागली आणि दुपारी दार लावून झोपायची सोय कायमची संपली.

त्यांची पिठाची गिरणी होती. डोंगराकडच्या गावांहून लोक नाचणी नाहीतर तांदूळ दळायला घेऊन यायचे आणि दळण होईपर्यंत बसायचे. बसलेला माणूस म्हणजे यांच्या तावडीत सापडलेला माणूस. गिरणीच्या घरघरीत ऐकू येत नाही म्हणून घरमालक प्रश्न ओरडून विचारायचे, तोही ओरडून उत्तर द्यायचा, आणि कुणाच्या आत्याचा काडीमोड का झाला हे चौकापर्यंत ऐकू जायचं. एकदा नात्याच्या नादात एकाच्या गव्हात दुसऱ्याची ज्वारी गेली. दोघं भांडायला उठले, तर यांनी ते दोघं एकमेकांचे व्याही कसे लागतात ते दाखवून दिलं आणि पीठ निम्मं-निम्मं वाटून दिलं. भुवयांवर कायम पीठ असायचं, त्यामुळे ते होते त्यापेक्षा म्हातारे दिसत आणि बायाबापड्या मोकळेपणानं घरचं सगळं सांगून टाकत.

आम्ही बँकेतली मंडळी एकदा नाणेघाट बघायला निघालो, तेव्हा हेही जीपमध्ये चढले. घाटघरला रस्ता विचारायला गाडी थांबवली. म्हणजे मी रस्ता विचारला. यांनी त्या गृहस्थाला आजोबांचं नाव विचारलं. दोघांचे आजोबा एकाच तालमीत घुमलेले निघाले. मग काय, तालमीतले भाऊ! चहा झाला, भात शिजला, कोंबडी कापली गेली. नाणेघाट मी अजून पाहिलेला नाही.

या सगळ्याचा भार पडायचा त्यांच्या बायकोवर, म्हणजे आमच्या वहिनींवर. नातं निघालं की माणूस घरी येणार, जेवणार, बहुतेक वेळा राहणार. आणि आमच्या या भागात नात्याचा पाहुणा राहिला की रीत ठरलेली: पुरुषांची अंथरुणं पडवीत, बायकांची आत माजघरात. पुरुषांची पंगत आधी, बायका मागून. घरी पाहुणे असोत की हे दोघं कुणाकडे पाहुणे जावोत, वहिनींचा संसार असा भिंतीच्या अलीकडे-पलीकडे झाला. बाई हसतमुख, पण जिभेला धार. "तुमच्या दर प्रश्नाला माझा एक कप च्या लागतो," असं त्या म्हणायच्या आणि आधण ठेवायच्या.

त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. जुन्नरकडच्या एका बागायतदारानं द्राक्षबागेत पुण्या-मुंबईच्या जोडप्यांसाठी दोन खोल्या बांधल्याचं आमच्या हिनं कुठूनसं ऐकलं. त्याची द्राक्षं वाईनच्या कारखान्यात जायची. राहायचं, सकाळी आयता नाष्टा करायचा, बागेत हिंडायचं. ही ते वहिनींना सांगत होती आणि त्या तांदूळ निवडता निवडता थांबल्या. त्या संध्याकाळी मी ओसरीवर असतानाच त्यांनी नवऱ्याला विचारलं, "आपण दोघं एका टायमाला कवा जेवलो वो?" हे हसले. मग आठवायला लागले. आख्ख्या दोन तालुक्यांच्या वंशावळी तोंडपाठ असलेल्या माणसाला ते काही आठवेना. वहिनी म्हणाल्या, "मला त्या बागंत जायचंय. दोन दिवस. तिथं कुणाचं नातं काढायचं न्हाई. काढलं तर मी पुन्यांदा तुमच्याकडं काय मागायची न्हाई." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे बोलल्या आणि आत गेल्या. घरमालकांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा घाबरलेला पाहिला.

दुसऱ्या दिवशी ते माडीवर आले. "सायेब, तुमी दोघं बी चला. माज्या तोंडावर ध्यान ठेवा." त्यांची अडचण खरी होती. एकदा नातं निघालं की त्या बागायतदारानं यांना गिऱ्हाईक म्हणून राहू देणं शक्य नव्हतं. चांगली खोली जाऊन पडवी नशिबी आली असती, वहिनी चुलीपुढे बसल्या असत्या आणि झालं. मग तयारी सुरू झाली. खोल्या माझ्या नावावर ठरल्या. हे माझे पुण्याचे स्नेही. बोली ओळखू येऊ नये म्हणून ते गिरणीत 'नाही, नाही, आहे, आहे' असं पुटपुटत बसायचे आणि दळायला आलेल्यांना वाटायचं यांना काहीतरी झालंय. गावाला ओझरच्या गणपतीला जातो म्हणून सांगायचं ठरलं. पण देवाचं नाव घेऊन खोटं बोलायला यांची छाती होईना, म्हणून जाताना खरोखर ओझरला जायचंही ठरलं.

एका रविवारी मी आणि ते माझ्या स्कूटरवरून जागा बघून आलो. यांनी मफलर नाकापर्यंत गुंडाळलेला. मालक तिशी-पस्तिशीचा, बोलका. खोल्या दाखवल्या, वेलींचे मांडव दाखवले. अंगणात त्याची म्हातारी आई घमेल्यात द्राक्षाचे घड निवडत बसली होती. तो कौतुकानं म्हणाला, "आमची आई. लई कामाची. म्हायेर शिनोलीचं, घोडेगावाजवळ हाय. तुमाला म्हाईत नसल." शिनोलीतला एकेक उंबरठा ज्यांना ठाऊक, ते आमचे घरमालक मफलरातून म्हणाले, "छान आहे." मला त्यांचा अभिमान वाटला. परतीच्या वाटेवर ते एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, सराव चाललाय.

शनिवारी दर्शन घेऊन आम्ही चौघं बागेत पोचलो. वहिनींनी नवी साडी नेसली होती आणि त्या इतक्या जपून चालत होत्या की जणू पायाखाली कुणी पाहुणा झोपलाय. हे पीठ धुऊन आलेले, त्यामुळे वेगळेच कुणीतरी वाटत होते. मी त्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली. मालकानं लांब दांडीच्या पेल्यांतून वाईन आणली. यांनी काढा घ्यावा तशी डोळे मिटून घेतली. वहिनींनी एक घोट घेऊन "आंबलंय का वो हे?" असं मला हळूच विचारलं. मालक यांच्याशी बोलायला टेकला की मी मध्ये पडून द्राक्षांवरच्या रोगाचं विचारायचो. रोगाबद्दल मला आजही बरीच माहिती आहे. यांच्या कपाळावर घाम दिसायचा, पण तोंड बंद.

रात्रीचं जेवण बाहेर, टेबलावर. वहिनी आणि हे समोरासमोर. वहिनींना कुठं बघावं कळेना. यांनी पहिली भाकरी मोडली आणि निम्मी त्यांच्या ताटात ठेवली. "तू घे आधी," म्हणाले. वहिनींनी मान खाली घातली आणि खाल्ली. आमच्या हिनं तेव्हा माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती अजून अधूनमधून माझ्यावर वापरली जाते. सगळं असं सुरळीत चाललेलं, तेवढ्यात म्हातारी ठेचा घेऊन आली. वहिनींजवळ थांबली. "बाई, म्हायेर कुठलं गं तुजं?"

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं. बघा, असं राहायचं असतं, असा त्या बघण्याचा अर्थ होता. मग म्हणाल्या, "पुण्याचं."

यांचा घास हातातच राहिला. ओठ हलले. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला, चांगला जोरात. त्यांनी घास ताटात ठेवला, पाणी प्यायले आणि उठले. म्हातारी "बरं बरं" म्हणत आत गेली.

सकाळी उजाडता उजाडता मी बागेत फिरायला गेलो, तर हे मांडवाखाली उकिडवे बसलेले. मी म्हटलं, "जिंकलात की. आता एकच दिवस." ते माझ्याकडे बघेनात. "सायेब, ती म्हातारी हिची मावशी हाय. हिच्या आईची चुलत भन."

मग सगळं सांगितलं. वहिनी लहान असतानाच त्यांची आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि शिनोलीशी संबंध तोडले. सावत्र घरी वहिनींचं जाणं-येणंही लग्नानंतर संपलं. आजोळचं घर पुढं बंद पडलं. आईच्या या चुलत बहिणीला तिकडं जुन्नरकडं कुठंतरी दिली एवढंच कानावर होतं. गाव कळलं नाही. साऱ्या मुलखाची नाती जुळवणाऱ्या माणसाला बायकोचं तेवढं एक नातं सापडलं नव्हतं. आणि सापडलं ते नेमकं इथं. "त्या रविवारीच वळखलं. शिनोलीची, त्या वयाची, आन हनुवटी आमच्या हिचीच. मंग मालकाला इच्यारायची बी गरज पडली न्हाई."

"मग घरीच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर ही पावनी म्हनून आली असती. हितं बी चुलीपाशी बसली असती. म्हनलं, दोन दिस तिचे तिला देऊ, जाताना सांगू. पर काल मावशीनं तोंडानं इच्यारलं, आन ही माज्यापायी खोटं बोलली. आपल्या मावशीशी. सांगितलं तर शब्द मोडतो. न्हाई सांगितलं तर मी कसला मानूस?"

मी बँकेतला माणूस. मी म्हटलं, उद्या निघताना सांगा, म्हणजे दोन्ही साधेल. त्यांनी मान डोलावली. पण उद्यापर्यंत ते थांबू शकणार नाहीत हे मला दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांनी थांबू नये असंच मलाही वाटत होतं.

नाष्ट्याला त्यांचं टेबल वेगळं लावलेलं, दोघांपुरतं. पांढरी चादर, किटलीत चहा, बशीत पोहे. वहिनी कपात चहा ओतत होत्या. आधी त्यांचा, मग स्वतःचा. आम्ही शेजारच्या टेबलावर. हे म्हणाले, "एक नातं काढतो."

वहिनींचा हात थांबला. त्यांनी किटली खाली ठेवली. चेहऱ्यावरचा सगळा उजेड गेला. "काढलंच तुमी," त्या म्हणाल्या. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"माजं न्हाई. तुजं हाय," हे म्हणाले. त्यांचा आवाज गिरणीवाल्याचा राहिलेला नव्हता. "आत हाय ती तुज्या आईची भन. शिनोलीची."

वहिनींनी विचारलं, "तुमाला कवापासनं म्हाईत व्हतं?"

"खोली बघाया आलो तवापासनं."

"आन बोलला न्हाई?"

"तू नगं म्हनली व्हतीस."

वहिनी उठल्या. खुर्ची मागे पडली, ती त्यांनी उचलली नाही. पदर सावरत आत गेल्या. मग आतून म्हातारीचा आवाज आला, एखाद्याला खूप लांबून हाक मारावी तसा. ती वहिनींच्या आईचं नाव घेत होती.

पुढं जे व्हायचं ते सगळं रीतीप्रमाणे झालं. मालक धावत आला, माझ्या या पुण्याच्या स्नेह्याच्या पाया पडला, "दाजी, आदी न्हाई का सांगायचं" म्हणून रागावला. खोल्यांना कुलपं लागली. वाईनचे पेले जाऊन पितळी ताटं आली. दुपारी पुरुषांची पंगत आधी बसली. वहिनी आत, मावशीच्या मांडीशी. आमची हीसुद्धा आत. रात्री आमची दोघांची अंथरुणं पडवीत पडली, आणि माझ्याही सुट्टीचं वाटोळं झालं म्हणून मी कुरकुरलो. हे छपराकडे बघत पडले होते. म्हणाले, "एक जेवान मिळालं, सायेब. आन अर्धा कप च्या." मला त्यांचं वाईट वाटलं, ते मी बोलूनही दाखवलं.

वहिनींनी खरंच पुन्हा कधी काही मागितलं नाही. आता मागायची वेळच येत नव्हती. द्राक्षं उतरायच्या दिवसांत मालक स्वतः गाडी घेऊन त्यांना न्यायला यायचा. त्या एकट्या जायच्या आणि चांगल्या पंधरा-वीस दिवस राहायच्या.

माझी बदली झाल्यावर काही वर्षांनी मी कामानिमित्त घोडेगावला गेलो. गिरणी दुपारची बंद होती. दार लोटलेलं. हे एकटेच स्वयंपाकघरात स्टोव्हपाशी, दूध उतू गेलेलं, भुवयांवर पीठ तसंच. मला बघून पुढं आले, बसा म्हणाले, आणि गाव, आडनाव काहीही विचारायच्या आधी मीच विचारलं, "वहिनी कुठं आहेत?"

ते हातातलं फडकं तसंच धरून उभे राहिले. गावातला कुठलाही नवरा दर वर्षी कपाळाला आठ्या घालून जे वाक्य बोलतो, ते यांना अर्ध्याहून जास्त संसारात एकदाही बोलायला मिळालं नव्हतं. ते त्यांनी सावकाश, मला नीट ऐकू जाईल असं, दोनदा सांगितलं.

"म्हायेरी गेलीया. ती म्हायेरी गेलीया, सायेब."

मी विचारलं, परत कधी येणार. ते वळून दुसरं दूध तापत ठेवायला लागले. "येईल की," म्हणाले. "मी काय घाई करत न्हाई."